टाकळ्याची साक्ष

तिकोणा किल्ल्याच्या पायथ्याशी वसलेली तिकोणा पेठ घ्या, अथवा पवन मावळातील दुसरे कोणतेही गाव घ्या. मुसळधार पावसात गुरांचा बराच काळ ओलसर, कोंदट गोठ्यातच जातो. अशा जागी वासरांच्या डोळ्यांभोवती आणि मानेवर राखी रंगाचे, खपलीदार, गोल चट्टे उठतात. हे गजकर्ण होय. कातडी व केस यांवर पोसणाऱ्या बुरशीचा हा रोग क्वचितच जीवघेणा ठरतो. परंतु तो संसर्गजन्य आहे, आणि वासराशी खेळणाऱ्या मुलांच्या अंगावरही तो सहज चढतो. तेव्हा हा प्रश्न एकट्या गुराख्याचा नाही.

या रोगावर आपल्या खेड्यांतून पिढ्यान्‌पिढ्या करंजाचे तेल, कडुनिंबाचा पाला आणि टाकळा वापरला जात आला आहे. पहिल्या पावसानंतर बांधाबांधावर उगवणाऱ्या टाकळ्याची भाजी आपण आवडीने खातो. पण आयुर्वेदाने त्याला ‘दद्रुघ्न’ असे नाव दिले आहे. दद्रू म्हणजे गजकर्ण, व त्याचा नाश करणारा तो दद्रुघ्न. टाकळ्याच्या बियांतील काही द्रव्ये बुरशीची वाढ रोखतात, असे आधुनिक प्रयोगशाळेतही दिसून आले आहे.

तथापि, एवढ्यावरून परंपरेचा जयजयकार करणे घाईचे होईल. वासरांचे गजकर्ण पुष्कळदा दोन-चार महिन्यांत आपोआपही बरे होते. मग गुण औषधाचा की काळाचा? याचा निवाडा करावयाचा तर काही वासरांना औषध लावून व काही तशीच ठेवून तुलना केली पाहिजे. शिवाय काचेच्या बशीत बुरशी मारणारा अर्क जिवंत कातडीवर तितकाच उपयोगी पडेल, त्याने दाह होणार नाही, याची हमी कोणी द्यावी? आणि बुरशीचे बीजकण गोठ्यात महिनोन्‌महिने टिकून राहतात. गोठा स्वच्छ, कोरडा व हवेशीर नसेल तर कोणताही लेप अपुराच पडणार.

मात्र ‘अडाण्यांचे उपचार’ म्हणून नाक मुरडणे हेही तितकेच अशास्त्रीय आहे. टर्बिनाफिन या प्रचलित औषधाला दाद न देणाऱ्या, माणसांत गजकर्ण पसरविणाऱ्या एका बुरशीला २०२० साली शास्त्रज्ञांनी नाव दिले, ते ‘ट्रायकोफायटॉन इंडोटिनी’. या नावातच आपल्या देशाचा उल्लेख आहे. जुनी औषधे निकामी होऊ लागली असता नव्या औषधांचा शोध बांधावरच्या झुडपांतही घेणे शहाणपणाचे आहे.

आणि हा शोध आपण घेतला नाही, तर दुसरे घेतात. कडुनिंबाच्या तेलाने वनस्पतींवरील बुरशी आवरण्याच्या पद्धतीचे युरोपीय पेटंट १९९४ साली अमेरिकेचे कृषी खाते व डब्ल्यू. आर. ग्रेस ही कंपनी यांना मिळाले. ते रद्द करविण्यासाठी झालेल्या लढ्यात पुणे व सांगली जिल्ह्यांत १९८५-८६ साली घेतलेल्या शेतप्रयोगांची साक्ष पुढे आली. २००० साली पेटंट रद्द झाले आणि २००५ साली अपीलही फेटाळले गेले. ‘आम्हांला हे पूर्वीच ठाऊक होते’ असे नुसते म्हणून अशी लढाई जिंकता येत नाही. प्रयोग, तारीख आणि साक्षीदार दाखवावे लागतात.

२००२ च्या जैवविविधता कायद्याने प्रत्येक गावाची जैवविविधता नोंदवही तयार करण्याची जबाबदारी स्थानिक समितीवर टाकली आहे. ती वही कपाटाची शोभा ठरू नये. शिक्षकांनी व विद्यार्थ्यांनी जाणत्या गुराख्यांकडे, गोठा सांभाळणाऱ्या वृद्ध स्त्रियांकडे जावे. कोणती वनस्पती, तिचा कोणता भाग, कोणत्या ऋतूत, किती प्रमाणात, हे सारे त्यांच्या संमतीने लिहून घ्यावे. गुण आला नाही तेही लिहावे, कारण अपयशाची नोंद नसलेले ज्ञान अर्धेच असते. पुढील पडताळणी शिरवळ, मुंबई येथील पशुवैद्यक महाविद्यालयांनी हाती घ्यावी, आणि त्यातून लाभ निघालाच तर त्यातील वाटा गावाला मिळावा.

टाकळा दर पावसाळ्यात पुन्हा उगवेल. त्याचा उपयोग जाणणारी माणसे मात्र एकदा गेली की पुन्हा भेटणार नाहीत. नोंद करावयाची ती त्यांच्या हयातीतच केली पाहिजे.