विमा आहे, पण चालतो कुठे?

कॅम्पातल्या जुन्या घरांतून आज मागे उरली आहेत ती बहुतांशी सत्तरीची माणसे. मुले पुण्या-मुंबईला, कुणाची बंगळूरला, कुणाची थेट अमेरिकेत. 1832 साली छावणी पडली तेव्हापासून ज्यांच्या पिढ्या इथे नांदल्या, त्यांनी म्हातारपणी बिऱ्हाड हलवावे असे कोणी सुचवत असेल तर ते आम्हांला मान्य नाही. मात्र या घरांत कोणी आजारी पडले की पहिला प्रश्न हल्ली डॉक्टरचा नसतो, कार्डाचा असतो. कार्ड आहे, पॉलिसी आहे, हप्ताही वेळेवर भरला आहे. ते चालणार कुठल्या रुग्णालयात?

सीमाभागातला रुग्ण रस्ता पाहून जातो, राज्य पाहून नव्हे. निपाणीकराला कोल्हापूर जवळ, बेळगाव जवळजवळ दुप्पट लांब. डॉ. वानलेस यांनी 1894 साली मिरजेत रुग्णालय उभारले, तेव्हापासून आपल्याकडची माणसे शस्त्रक्रियेसाठी मिरजेची वाट धरत आली. खानापूर, चंदगडकडची माणसे बांबोळीला जातात. गोव्याने जानेवारी 2018 पासून बाहेरच्या रुग्णांना तिथे शुल्क लावले, तरीही जातात. राज्य पुनर्रचनेने 1956 साली नकाशावर रेघ ओढली, पण रुग्णवाहिकेच्या चालकाला ती रेघ कधी दिसली नाही. विम्याच्या कागदात मात्र ती ठळक दिसते.

सरकारी योजनांपासूनच सुरुवात करू. कर्नाटकात 2018 पासून आयुष्मान भारत-आरोग्य कर्नाटक योजना आहे. दारिद्र्यरेषेखालील कुटुंबाला वर्षाला 5 लाखांपर्यंत उपचार. रेषेवरील कुटुंबाला ठरलेल्या दराच्या फक्त 30 टक्के, तेही वर्षाला दीड लाखाच्या आत. आता आपल्या वाचकांनी आपापले रेशनकार्ड काढून पाहावे. वडिलोपार्जित घर आहे, भाडे जुन्या दराने येते, पेन्शन जेमतेम, आणि सरकारदरबारी आपण 'रेषेवरचे'! शिवाय तातडीचा प्रसंग सोडला तर आधी सरकारी रुग्णालयात जायचे आणि तिथे सोय नसेल तरच पुढची चिठ्ठी मिळवायची. पंचाहत्तरीच्या माणसाने गुडघे धरत चिठ्ठीसाठी रांगेत उभे राहायचे, याला सुरक्षा म्हणत असतील तर म्हणोत बापडे.

महाराष्ट्राने 2023 साली सीमाभागातील 865 गावांसाठी महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजना जाहीर केली. आपल्याकडे पेढे वाटले गेले. लगोलग मार्चमध्ये तत्कालीन मुख्यमंत्री बसवराज बोम्मई यांनी ती रोखण्याची भाषा केली. पुढे कर्नाटकात सरकार बदलले, पक्ष बदलला, आणि जानेवारी 2024 मध्ये बेळगावात अर्ज भरून घेणारी केंद्रे प्रशासनाने बंद पाडली. दोन पक्षांचे एरवी कशावरही एकमत होत नाही. मराठी म्हाताऱ्याच्या औषधपाण्यावर मात्र झाले! आम्ही विचारतो, शेजारचे राज्य आपल्या खर्चाने एखाद्याचे हृदयाचे ऑपरेशन करणार असेल तर त्यात कर्नाटकाची एक इंच जमीन तरी कमी होते का? आणि मुंबईलाही विचारतो, योजना जाहीर करताना हा अडथळा येणार हे दिसत नव्हते? घोषणा करून टाळ्या घेणे सोपे. नंतर अडकलेल्या अर्जदाराच्या पाठीशी कोण उभे राहिले, ते ज्याचे त्याला ठाऊक.

तिसरी योजना दिल्लीची. 29 ऑक्टोबर 2024 रोजी 70 वर्षांवरील प्रत्येकासाठी आयुष्मान वय वंदना कार्ड सुरू झाले. उत्पन्नाची अट नाही, रेशनकार्डाचा रंग विचारायचा नाही, जुना मधुमेह वा रक्तदाब असला तरी थांबावे लागत नाही, कुटुंबाला वर्षाला 5 लाख. वयाचा पुरावा आधार कार्डाचाच. आणि आपल्या दृष्टीने सर्वांत मोलाची गोष्ट म्हणजे हे कार्ड तत्त्वतः देशातल्या यादीवरील कोणत्याही रुग्णालयात चालावे अशी रचना आहे. निपाणीच्या आजींनी कोल्हापुरात दाखल व्हावे, कुणी अडवू नये. पण राबवायचे राज्याने, आणि खर्चातला 40 टक्के वाटाही राज्याचा. म्हणजे दिल्लीची घोषणा आणि बेळगावची खाट यांच्यामध्ये बंगळूर उभे आहे.

इथे एक गोष्ट माजी सैनिकांच्या घरांना मुद्दाम सांगतो, कारण मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या या गावात अशी घरे गल्लोगल्ली आहेत. ईसीएचएस असेल तर ते किंवा 70 वर्षांवरचे हे कार्ड, दोहोंपैकी एकच निवडावे लागते. ईसीएचएसमध्ये रोजची औषधे आणि बाह्यरुग्ण तपासणी मिळते. आयुष्मानमध्ये दाखल झाल्याशिवाय काही नाही. नवीन कार्डाच्या मोहात हातचे सोडू नये. खासगी पॉलिसी असलेल्यांना मात्र दोन्ही ठेवता येतात.

आता खासगी विम्याकडे. एजंट घरी येतो, चहा घेतो, 'काका, कुठल्याही हॉस्पिटलात चालते' म्हणतो. हे 'कुठल्याही' नीट तपासावे. कंपनीच्या यादीतल्या रुग्णालयात कॅशलेस; यादीबाहेर गेलात की आधी आपले पैसे भरा, मग कागद जमवून मागा. जानेवारी 2024 मध्ये विमा कंपन्यांच्या परिषदेने 'कॅशलेस एव्हरीव्हेअर' जाहीर केले, म्हणजे यादीबाहेरही कॅशलेस. पण ठरवून केलेल्या उपचाराची सूचना 48 तास आधी द्यायची, तातडीच्या वेळी दाखल झाल्यापासून 48 तासांत द्यायची, आणि रुग्णालय तयार हवे. रुग्णालयाने 'आमच्याकडे नाही' म्हटले की तुमचे 'एव्हरीव्हेअर' तिथेच संपले.

यापेक्षा लबाड कलम 'झोन'चे. काही पॉलिसींत बेळगावचा पत्ता दिला की हप्ता कमी येतो, माणूस खूश होतो. पुढे मुलगा पुण्याला वा मुंबईला नेतो, आणि बिलातला 10 ते 20 टक्के भाग स्वतःच्या खिशातून जातो, कारण पॉलिसी स्वस्त झोनची आणि रुग्णालय महाग झोनमधले. ज्यांची मुले पुण्या-मुंबईत आहेत अशांनाच हे कलम बाधते, म्हणजे नेमके आपल्याला.

खोलीभाड्याचेही तसेच. समजा पॉलिसी 3 लाखांची, आणि खोलीची मर्यादा एक टक्का, म्हणजे दिवसाला 3,000. तुम्ही 6,000 ची खोली घेतली. फक्त वरचे 3,000 कापतील असे वाटते ना? नाही. डॉक्टरांची फी, शस्त्रक्रियागृह, शुश्रूषा हा सगळा खर्च अर्धा धरला जातो. तो 80,000 झाला असेल तर 40,000 तुमच्या माथी. औषधे, तपासण्या आणि शरीरात बसवायच्या वस्तू यांवर ही कात्री चालवता येत नाही, असा नियम 2020 पासून आहे. तरी कापले तर भांडावे. त्यावर ज्येष्ठांच्या पॉलिसीत बऱ्याचदा 20 टक्के स्वतःचा वाटा असतो, तो वेगळाच.

अमेरिकेतल्या मुलांकडून आपण ऐकतो की तिकडे 65 वर्षांवरील लोकांना मेडिकेअरमध्ये 'पीपीओ' नावाची पॉलिसी मिळते, यादीबाहेरच्या डॉक्टरकडेही जाता येते, चिठ्ठी लागत नाही. खरे आहे. पण ते स्वातंत्र्य विकत घ्यावे लागते. 2025 साली यादीतल्या उपचारांसाठी रुग्णाच्या खिशाला वर्षाला जास्तीत जास्त 9,350 डॉलर अशी मर्यादा होती, यादीबाहेरचे धरून 14,000. एक गोष्ट मात्र घेण्यासारखी आहे: तिकडे बाहेर गेलो तर जास्तीत जास्त किती बुडेल, तो आकडा आधी छापलेला असतो. आपल्याकडे तो डिस्चार्जच्या दिवशी कळतो.

नियामकाने काही केले नाही असे आम्ही म्हणणार नाही. एप्रिल 2024 पासून 65 ची वयोमर्यादा गेली, जुन्या आजारासाठी थांबण्याचा काळ जास्तीत जास्त 3 वर्षांवर आला, कॅशलेसची मंजुरी तासाभरात आणि डिस्चार्जची 3 तासांत द्यावी असा आदेश झाला. जानेवारी 2025 पासून ज्येष्ठांचा हप्ता वर्षाला 10 टक्क्यांहून अधिक वाढवायचा तर आधी नियामकाशी बोलावे लागते. 22 सप्टेंबर 2025 पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा 18 टक्के जीएसटीही उठला. हे सारे चांगलेच. पण यातला एकही नियम निपाणीच्या माणसासाठी कोल्हापूरचे दार उघडत नाही.

तेव्हा आमची मागणी साधी आहे. 70 वर्षांवरील कार्ड जिल्ह्यात आणि जिल्ह्यालगतच्या कोल्हापूर, सांगली, गोवा भागात कोणत्या रुग्णालयात चालते, त्याची यादी जिल्हाधिकाऱ्यांनी मराठी आणि कन्नड दोन्ही भाषांत तालुक्याच्या कचेरीत लावावी. रेषेवरील ज्येष्ठांचा 30 टक्क्यांचा नियम बदलावा. आणि महाराष्ट्राने 865 गावांतल्या किती अर्जदारांना प्रत्यक्ष उपचार मिळाले, ते गाववार प्रसिद्ध करावे. या तीन मागण्यांचे निवेदन आम्ही बेळगाव आणि कोल्हापूर दोन्हीकडच्या जिल्हाधिकाऱ्यांना देणार आहोत. सही करायला येताना ज्येष्ठांनी आपले रेशनकार्ड आणि पॉलिसीची प्रत बरोबर आणावी. खोलीभाडे, झोन आणि स्वतःचा वाटा ही तीन कलमे तिथेच वाचून दाखवली जातील.