‘गुलदार’ : जलसमाधी नव्हे, नवी नेमणूक

निवृत्त युद्धनौकेचे पुढे काय करावयाचे, या प्रश्नाला आपल्या देशात दीर्घकाळ एकच उत्तर मिळत आले आहे : भंगार. १९७१ च्या युद्धात जिच्या विमानांनी कॉक्स बझार व चितगाव हादरवले, ती ‘विक्रांत’ १९९७ मध्ये निवृत्त झाली, काही वर्षे मुंबईत संग्रहालय म्हणून उभी राहिली आणि २०१४ मध्ये तोडली गेली. ‘विराट’ निवतीजवळ जतन करण्याच्या ८५२ कोटी रुपयांच्या प्रस्तावाला २०१८ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने मान्यता दिली. पण सप्टेंबर २०२० मध्ये ती अलंगच्या किनाऱ्याला लागली, तीही तोडण्यासाठीच. एवढी अवाढव्य नौका तरंगती ठेवण्याचा खर्च भावनेच्या बळावर भागत नाही.

म्हणूनच ‘गुलदार’विषयीची योजना लक्षणीय ठरते. रणगाडे व सैनिक थेट किनाऱ्यावर उतरवणारी ही नौका १९८५ मध्ये नौदलात दाखल झाली आणि जानेवारी २०२४ मध्ये पोर्ट ब्लेअर येथे सन्मानाने निवृत्त झाली. फेब्रुवारी २०२५ मध्ये ती महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाकडे सोपवली गेली. निवतीसमोरच्या खडकांजवळ ती सागरतळी ठेवून कृत्रिम प्रवाळभित्ती व पाण्याखालील संग्रहालय उभारावे, असा संकल्प आहे.

युद्धनौका हेतुपुरस्सर बुडवणे काहींना तिचा अवमान वाटेल. वस्तुतः भट्टीत वितळण्यापेक्षा ही गती अधिक सन्मानाची आहे. वाळूच्या सपाट तळावर कठीण पृष्ठभाग मिळाला की शैवाल, शिंपले, कालवे त्यावर घर करतात. त्यांच्यामागून लहान मासे आणि मग तांबोशीसारखे मोठे मासे येतात. कोरिया व व्हिएतनामच्या युद्धांत लढलेली ‘ओरिस्कनी’ ही विमानवाहू नौका अमेरिकेने १७ मे २००६ रोजी फ्लोरिडातील पेन्साकोलानजीक बुडवली. आज जगभरचे पाणबुडे तिच्या दर्शनास जातात.

मात्र त्याच उदाहरणात इशाराही आहे. ‘ओरिस्कनी’च्या केबलांमध्ये विषारी रसायनांचा काही अंश उरलाच होता व त्यावरून तेथे मोठा वाद झाला. ‘गुलदार’मधील तेल, रंग, विद्युत-आवरणे यांची संपूर्ण सफाई झाली की नाही, याचा तपशील जनतेसमोर आला पाहिजे. नौकेच्या पोटात शिरणे हा हौशी पर्यटकाचा खेळ नव्हे. मालवण-तारकर्लीत पहिल्यांदाच पाण्याखाली उतरणाऱ्याने ती बाहेरूनच पाहावी. आत जाण्यासाठी वेगळे प्रशिक्षण अनिवार्य असावे.

सर्वांत महत्त्वाचा प्रश्न मच्छीमारांचा. पर्ससीन जाळ्यांनी आधीच गांजलेल्या पारंपरिक मच्छीमाराला ‘येथे जाळे टाकू नका’ असे सांगताना, त्या पाण्यावरील पर्यटनात त्याचा वाटा काय, हेही सांगावे लागेल. होड्या त्याच्या, वाटाडे त्याच्या घरचे, मिळकतही त्याच्या गावात राहणारी, अशी व्यवस्था झाली तरच तो या भित्तीचा राखणदार होईल. त्याला डावलले, तर संग्रहालय ठेकेदारांचे होईल.

शिवछत्रपतींनी १६६४ मध्ये सिंधुदुर्गाची पायाभरणी केली, तेव्हा आरमार उभे राहिले ते याच किनाऱ्यावरील दर्यावर्दींच्या बळावर. ‘गुलदार’ची नवी नेमणूक यशस्वी करावयाची, तर शासनाने प्रथम त्यांनाच विश्वासात घ्यावे.