कढईतले जळके तेल : पोटात की इंजिनात?

शहरातल्या मोठ्या हॉटेलात दिवसभर समोसे, कचोऱ्या, आलूबोंडे तळले जातात. रात्री भट्टी विझते तेव्हा कढईच्या तळाशी काळपट, चिकट तेल उरते. वाचक बंधू-भगिनींनो, हे तेल पुढे कुठे जाते, याचा आपण कधी विचार केला आहे काय? थोडे नालीत जाते आणि नाली तुंबवते. पण बरेचसे फेकले जात नाही, कारण त्यालाही गिऱ्हाईक असते. ते स्वस्तात विकले जाते आणि दुसऱ्या कढईत चढते. ही दुसरी कढई बहुधा रस्त्यावरच्या ठेल्याची असते. तिच्यातले भजे खाणारा असतो पाळी संपवून घरी निघालेला कामगार, हमाल, रिक्षावाला, नाहीतर शाळेतून येणारे आपलेच लेकरू. दुसऱ्याचे उष्टे खाणे आपल्या वाडवडिलांनी ठरवून सोडले. उष्टे तेल मात्र आपल्या नकळत पोटात जात आहे.

तेल पुन्हापुन्हा तापवले की त्यात घातक घटक तयार होतात. रक्तदाब, रक्तवाहिन्या कठीण होणे, यकृताचे विकार यांच्याशी त्यांचा संबंध जोडला जातो. म्हणूनच केंद्राच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाने 1 जुलै 2018 पासून नियम केला, की तेलात अशा घटकांचे प्रमाण 25 टक्क्यांवर गेले तर ते स्वयंपाकाला वापरायचे नाही. मग त्या तेलाचे करायचे काय? त्याचे उत्तर आहे डिझेल इंजिन.

ही कल्पना काही नवी नाही. 1900 साली पॅरिसच्या जागतिक प्रदर्शनात रुडॉल्फ डिझेल यांनी शोधलेल्या पद्धतीचे एक लहान इंजिन चक्क भुईमुगाच्या तेलावर चालवून दाखवले होते. पुढे खनिज तेल स्वस्त झाले आणि ही गोष्ट मागे पडली.

पण म्हणून कोणी घरातले तळणाचे तेल गाळून मालवाहू गाडीच्या टाकीत ओतू नये. खाद्यतेल डिझेलपेक्षा सुमारे दहापट घट्ट असते. नोझल त्याची बारीक फवारणी करू शकत नाही. तेल अर्धवट जळते, आत काजळी धरते, पिस्टनच्या रिंगा चिकटतात. चरबी तर डिसेंबरच्या थंडीत डालड्यासारखी गोठून बसते. परदेशात काही लोक गाडीला दोन टाक्या लावतात. इंजिन साध्या डिझेलवर सुरू करायचे आणि तापले की गरम केलेल्या तेलावर घ्यायचे, अशी ती रीत आहे. कर्ज काढून घेतलेल्या गाडीवर असला प्रयोग परवडणारा नाही.

खरा मार्ग बायोडिझेलचा. तेल गाळून त्यातले पाणी काढतात. मग त्यात मिथेनॉल आणि थोडा कॉस्टिकसारखा क्षार घालून ते ढवळतात. त्याचा जमाखर्च सोपा आहे. 100 किलो तेल आणि सुमारे 11 किलो मिथेनॉल घातले, की साधारण 100 किलो बायोडिझेल आणि 10 किलोच्या आसपास ग्लिसरीन मिळते. हे बायोडिझेल पातळ असते आणि साध्या डिझेलमध्ये मिसळता येते. मात्र मिथेनॉल हे विष आहे. 2015 साली मुंबईत मालवणी येथे याच मिथेनॉलच्या दारूने शंभरावर माणसे दगावली. तेव्हा हे काम घरच्या मोरीत करण्याचे नाही, कारखान्यातच व्हावे. त्याचे ज्ञान आपल्याकडे कमी नाही. नागपुरात 1942 साली स्थापन झालेल्या लक्ष्मीनारायण तंत्रशिक्षण संस्थेत तेलाचे तंत्र पिढ्यान्‌पिढ्या शिकवले गेले आहे.

सरकारनेही पावले टाकली. 2018 च्या जैवइंधन धोरणात 2030 पर्यंत डिझेलमध्ये 5 टक्के बायोडिझेल मिसळण्याचे उद्दिष्ट ठेवले. 10 ऑगस्ट 2019 रोजी सरकारी तेल कंपन्यांनी 100 शहरांसाठी योजना जाहीर केली. वापरलेल्या तेलापासून केलेल्या बायोडिझेलला पहिल्या वर्षी लिटरला 51 रुपये भाव देऊ केला. यापूर्वी चंद्रज्योतीच्या बियांचा मोठा गाजावाजा झाला होता, पण उत्पन्न आले नाही आणि ती योजना फसली. वापरलेल्या तेलाला तर शेतही लागत नाही. ते गावोगावी तयारच पडले आहे.

मग अडते कुठे? अडते गोळा करण्यात. 1 मार्च 2019 पासून रोज 50 लिटरपेक्षा जास्त तेल तळणाला वापरणाऱ्याने त्याची नोंद ठेवायची आणि उरलेले तेल अधिकृत संस्थेलाच द्यायचे, असा आदेश आहे. म्हणजे मोठ्या हॉटेलाला वही आली. पण रोज चार-पाच लिटर वापरणारा ठेलेवाला या वहीबाहेरच राहिला. त्याला गुन्हेगार ठरवून चालणार नाही. तेलाचा पिपा महाग, नफा थोडा. उरलेले किलोभर तेल ओतून दे म्हटले तर तो ओतणार नाही. पण त्याचे पैसे मिळाले तर तो नक्की देईल. एका किलोसाठी कोणाची गाडी येणार नाही, हेही खरे. परंतु समजा, एका चौकात वीस ठेले आहेत आणि प्रत्येकाकडे रोज एक किलो तेल उरते. महिन्याचे 600 किलो झाले. एवढ्यासाठी गाडी नक्की येईल.

हे काम आपल्या वस्तीतले महिला बचत गट करू शकतात. झाकणाचा एक पिपा, एक वजनकाटा आणि एक वही, एवढेच भांडवल. अधिकृत खरेदीदाराशी बोलणे करून पावती मात्र अवश्य घ्यावी. नाहीतर आपण गोळा केलेले तेलच मागच्या दाराने पुन्हा ठेल्यावर जाईल. लग्नसमारंभात, सामुदायिक भोजनात उरलेले तळणाचे तेलही स्वस्तात देऊन टाकू नये, याच पिपात टाकावे. घरी तळणाचे तेल तीनदापेक्षा जास्त वापरू नये. काळे पडले, फेस धरू लागले, लवकर धूर देऊ लागले की ते बाजूला काढावे.

आणि भगिनींनो, नेहमीच्या हॉटेलवाल्याला एवढे विचारायला शिका : “भाऊ, उरलेले तेल कोणाला देता?” दहा गिऱ्हाइकांनी विचारले, की अकराव्याच्या वेळी त्याला उत्तर तयार ठेवावेच लागेल.