गणिताचे यंत्र आणि सातवी आज्ञा
(सदर : घर आणि शिक्षण)

आपल्या गावांतील मुलेमुली आता अभियांत्रिकीच्या आणि विज्ञानाच्या पदवीपर्यंत पोहोचू लागली आहेत, ही परमेश्वराची मोठी कृपा होय. परंतु ज्या घरातून पहिलेच मूल विद्यापीठाची पायरी चढते, त्या घरातील आईबापांपुढे एक नवीच अडचण उभी राहते. मूल काय मागते आहे, हेच त्यांना उमगत नाही. वह्या, पुस्तके, वसतिगृहाचे शुल्क हे सारे समजते. पण मुलीने फोनवरून ‘मॅटलॅब पाहिजे’ असे कळविले, तर ती वस्तू बाजारात कोठे मिळते, तिला किती पैसे पडतात, आणि ती खरोखर पाहिजेच का, हे विचारावे तरी कोणाला?

खानापूर तालुक्यातील एका वडिलांनी नेमका हाच प्रश्न पत्राने विचारला आहे. त्यांची कन्या अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षात शिकते. प्रात्यक्षिकांसाठी तिला हे सॉफ्टवेअर हवे आहे. वर्गातील एका मुलाने आपल्याजवळची प्रत पेन ड्राइव्हवर फुकट देऊ केली. परंतु ती कुलूप तोडून मिळविलेली प्रत आहे असे समजताच मुलीने ती नाकारली. इकडे आई आपल्या पाटल्या गहाण टाकावयास निघाली आहे. ‘मुलगी उगाच काटेकोरपणा करते आहे, की आम्हीच कर्ज काढावे?’ असे वडील विचारतात.

प्रथम उत्तर सांगतो, मग कारणे. मुलीचे वागणे बरोबर आहे. आणि पाटल्या गहाण टाकण्याचे काहीएक कारण नाही.

हे सॉफ्टवेअर म्हणजे आहे तरी काय? एक सोपे उदाहरण घेऊ. जत्रेच्या गाडीत तीन मोठी माणसे व दोन मुले यांचे भाडे १९० रुपये झाले. दुसऱ्या कुटुंबात दोन मोठी माणसे व पाच मुले. त्यांचे २०० रुपये झाले. तर प्रत्येकी भाडे किती? शाळेतील मूल कागदावर दोन समीकरणे मांडून सांगेल की, मोठ्यांचे ५० आणि मुलांचे २०. येथे अज्ञात संख्या दोनच आहेत. परंतु पुलाच्या सांगाड्यावर किंवा विजेच्या जाळ्यावर विचार करू लागलो, म्हणजे अशा अज्ञात संख्या शेकड्यांनी आणि हजारांनी येतात. तेथे कागद पुरत नाही. अशा वेळी ते सर्व आकडे ओळी व स्तंभ पाडून एका तक्त्यात मांडतात; त्या तक्त्याला मॅट्रिक्स म्हणतात. विद्यार्थ्याने तो तक्ता संगणकाला द्यावा, एका ओळीची आज्ञा लिहावी, आणि उत्तर घ्यावे, एवढ्यासाठी ही सॉफ्टवेअरे आहेत.

मॅटलॅब हे नाव ‘मॅट्रिक्स लॅबोरेटरी’ म्हणजे मॅट्रिक्सची प्रयोगशाळा या शब्दांवरून पडले. त्याचा जन्म एका शिक्षकाच्या कळवळ्यातून झाला, हे आपल्या वाचकांना कळावे. अमेरिकेतील न्यू मेक्सिको विद्यापीठात क्लीव्ह मोलर हे गणिताचे प्राध्यापक होते. फोरट्रान ही किचकट संगणक-भाषा न शिकताही आपल्या विद्यार्थ्यांना तयार गणिती आज्ञावलींचा उपयोग करता यावा, म्हणून १९७०च्या दशकाच्या अखेरीस त्यांनी हे लिहिले. त्या वेळी त्याच्या प्रती विद्यापीठांना मोफत मिळत. पुढे जॅक लिट्ल नावाच्या अभियंत्याने त्यातील सामर्थ्य ओळखले, लहान संगणकांसाठी ते नव्याने लिहिले गेले, आणि १९८४ साली मॅथवर्क्स ही कंपनी निघाली. तेव्हापासून ते विकत घ्यावे लागते. ज्यांनी त्यावर वर्षानुवर्षे श्रम केले त्यांनी मोल मागावे, यात अन्याय काही नाही.

आता ते मिळवावे कसे? घाईने पैसे भरण्यापूर्वी मुलाने चार दारे क्रमाने ठोठवावीत.

पहिले दार आपल्याच विद्यापीठाचे. अनेक विद्यापीठे सर्व विद्यार्थ्यांसाठी एकत्र परवाना घेतात, आणि तो असल्याचे कित्येक विद्यार्थ्यांना ठाऊकही नसते. अशा ठिकाणी विद्यापीठाने दिलेल्या ई-मेल पत्त्यावरून नोंदणी केली की ते घरच्या संगणकावरही उतरविता येते. संगणक-विभागात जाऊन लाज न बाळगता विचारावे. खेड्यातील मुले विचारावयास संकोचतात आणि शहरातील मुले विचारून मोकळी होतात. पुष्कळदा दोघांच्या प्रगतीत पडणारे अंतर एवढेच असते.

दुसरे दार प्रयोगशाळेचे. घरी प्रत नसली तरी महाविद्यालयातील यंत्रांवर ती बहुधा असते. मोकळ्या तासांना तेथे बसण्याची परवानगी शिक्षकांकडे मागावी.

तिसरे दार विद्यार्थ्यांसाठी काढलेल्या प्रतीचे. तिची किंमत व्यावसायिक परवान्याच्या मानाने पुष्कळच कमी असते. मात्र ती शिकण्यापुरतीच वापरावयाची. तिच्यावर धंद्याचे काम करावयाचे नाही.

चौथे दार सर्वांसाठी सताड उघडे आहे. ऑक्टेव्ह नावाचे एक मुक्त सॉफ्टवेअर आहे. रासायनिक अभियांत्रिकीच्या एका पाठ्यपुस्तकाच्या जोडीला विद्यार्थ्यांसाठी ते योजिले गेले, आणि १९९२ साली जॉन ईटन यांनी त्याचे काम पूर्णवेळ हाती घेतले. नाव ऐकून आपल्या गायकवृंदातील मंडळींना स्वरसप्तक आठवेल. पण संगीताशी त्याचा संबंध नाही. ऑक्टेव्ह लेव्हेन्स्पील हे ईटन यांचे जुने प्राध्यापक. कागदाच्या चिठोऱ्यावर झटपट अंदाज काढून दाखविण्यात त्यांचा हातखंडा होता. त्यांच्या सन्मानार्थ शिष्याने हे नाव ठेवले. ऑक्टेव्हची भाषा मॅटलॅबशी इतकी मिळतीजुळती आहे की, पहिल्या वर्षांतील बहुतेक धडे दोन्हींत थोड्याफार फरकाने चालतात. फ्रान्समधील सायलॅब, न्यूझीलंडच्या ऑकलंड विद्यापीठात सुरू झालेली संख्याशास्त्राची ‘आर’ भाषा, पायथन ही भाषा, आणि अक्षरगणित करणारे मॅक्सिमा, हीही सर्व अशीच विनामूल्य आहेत. यांपैकी कोणते चालेल, हे मात्र शिक्षकांना विचारूनच ठरवावे; कारण मॅटलॅबसोबतचे सिम्युलिंक प्रात्यक्षिकात नेमलेले असेल, तर ऑक्टेव्हमध्ये त्याची जागा घेणारे काही नाही. तेवढ्या कामासाठी प्रयोगशाळेचे दार आहेच.

आता त्या पेन ड्राइव्हकडे वळू. चोरीला मनाई करणारी सातवी आज्ञा आपण सारे बालपणीच शिकलो. तरी येथे माणसे म्हणतात : ‘कंपनी श्रीमंत आहे, नक्कल केल्याने तिची मूळ वस्तू कोठे जाते? आणि सगळेच तर करतात.’ यावर शेजाऱ्याच्या आमराईचा विचार करावा. शेजाऱ्याच्या झाडाला पाचशे आंबे असले, तरी त्याला न विचारता तोडलेला एक आंबा हा चोरीचाच. याउलट, वाटसरूंसाठी म्हणून कोणी रस्त्याच्या कडेला झाड लाविले असेल, तर त्याची फळे खुशाल खावीत. त्यात मालकाचा संतोषच आहे. मुक्त सॉफ्टवेअर हे असे वाटेवरचे झाड. ऑक्टेव्हची प्रत पेन ड्राइव्हवर घालून दहा मित्रांना दिली तर ते सत्कृत्य होते. कुलूप तोडलेल्या मॅटलॅबची दिली तर अपराध होतो. हाताने केलेली कृती एकच. भेद आहे तो मालकाच्या अनुमतीचा. शिवाय व्यवहारही पाहावा. अशा तोडलेल्या प्रतींतून उपद्रवी आज्ञावली संगणकात शिरतात, आणि प्रत चालावी म्हणून पुष्कळदा संगणकाचा पहारेकरीच आधी झोपवावा लागतो. फुकट म्हणून घेतलेली वस्तू मग वर्षभर टिपलेल्या वह्या आणि प्रकल्प यांसह सारे गिळून बसते.

मिळविणे झाले, शिकणे त्याहून मोठे आहे. येथे पहिला नियम असा की, लहान उदाहरण आधी हाताने सोडवावे आणि मगच यंत्राला विचारावे. वरील भाड्याचे गणित ज्याने कागदावर केले आहे, त्यालाच पडद्यावरचे ५० आणि २० हे उत्तर पारखता येईल. यंत्र कधीही थकत नाही. पण चुकीचा आकडा दिला तर तितक्याच निमूटपणे चुकीचे उत्तर देते.

एक गंमत प्रत्येक विद्यार्थ्याने स्वतः करून पाहावी. ०.१ आणि ०.२ यांची बेरीज ०.३ इतकीच आहे काय, असे ऑक्टेव्हला विचारावे. ते ‘नाही’ म्हणते! कारण संगणक आकडे दोनच अंकांच्या पद्धतीने साठवितो, आणि त्या पद्धतीत एक-दशांश पूर्णपणे मांडता येत नाही. आपल्या पद्धतीत एक-तृतीयांश ०.३३३… असा कधीच संपत नाही, तसेच ते आहे. उरणारा फरक अत्यंत सूक्ष्म असतो, पण तो असतो. हे ज्याला पहिल्या आठवड्यात कळले, तो पुढे यंत्रापुढे आंधळेपणाने मान तुकविणार नाही.

दुसरा अभ्यास आपल्या श्रद्धेच्या जवळचा आहे. पुनरुत्थानाच्या सणाची तारीख काढणारी आज्ञावली लिहावी. २१ मार्च रोजी किंवा त्यानंतर येणारी पौर्णिमा, आणि तिच्यानंतरचा रविवार, असा तो नियम. मात्र पौर्णिमा ख्रिस्तसभेच्या कोष्टकानुसार धरावयाची. या गणितासाठी ख्रिस्तसभेने शतकानुशतके विद्वान राबविले. येशूसंघीय गणिती ख्रिस्तोफर क्लाव्हियस यांनी पंचांग-सुधारणेचे काम केले, आणि १५८२ साली ४ ऑक्टोबरच्या दुसऱ्या दिवशी १५ ऑक्टोबर मोजण्यात आला. आज्ञावली बरोबर असेल तर २०२६ साठी ५ एप्रिल, २०२७ साठी २८ मार्च आणि २०२८ साठी १६ एप्रिल असे उत्तर येईल. पुढची वर्षे भिंतीवरील दिनदर्शिकेशी ताडून पाहावीत.

इंग्रजी कच्चे असल्यामुळे पुष्कळ मुले मागे राहतात. त्यांच्यासाठी मुंबईच्या आय. आय. टी.ने ‘स्पोकन ट्युटोरियल’ ही पाठमाला तयार केली आहे. सुमारे दहा-दहा मिनिटांचे हे दृक्‌श्राव्य धडे मराठीतही ऐकावयास मिळतात. सायलॅब, पायथन, जिओजेब्रा अशा विषयांचे धडे त्यात आहेत, आणि त्यांना मोल पडत नाही. धडा ऐकावा, थांबवावा, स्वतः टंकून पाहावा, पुन्हा ऐकावा. रोज अर्धा तास हा क्रम पाळणारे मूल, परीक्षेच्या आदल्या रात्री जागणाऱ्यापेक्षा निश्चित पुढे जाते. पडद्यावर चुकीचा लाल मजकूर उमटला म्हणजे घाबरू नये. चूक कोणत्या ओळीत आहे, हे बहुधा त्यातच सांगितलेले असते.

‘हे मुलींचे काम नव्हे’ असे कोणी म्हणालेच, तर त्यास सिस्टर मेरी केनेथ केलर यांची हकीकत सांगावी. अमेरिकेतील या धर्मभगिनीने १९६५ साली विस्कॉन्सिन विद्यापीठातून संगणकशास्त्रात डॉक्टरेट मिळविली. त्या देशात या विषयात हा मान मिळविणारी ती पहिली स्त्री मानली जाते. तिच्या प्रबंधात बीजगणिती पदावल्यांचे विकलन यंत्राकडून कसे करवून घ्यावे, याचा विचार होता. म्हणजे आज आपली मुले ज्या सॉफ्टवेअरवर शिकतात, त्याच वाटेवरचे हे आरंभीचे पाऊल. पुढे क्लार्क महाविद्यालयात संगणकशास्त्राचा विभाग तिने उभारला आणि सुमारे वीस वर्षे चालविला. जपमाळ धरणाऱ्या हातांना गणिताचे यंत्र वर्ज्य नाही. २०२५ साली निवडून आलेले पोप लिओ चौदावे यांनीही १९७७ साली घेतलेली पदवी गणिताचीच आहे.

शेवटी धर्मग्रामातील पालकांना एक विनंती. आपल्या सभागृहात एखादा जुना संगणक धूळ खात पडलेला असतो. ऑक्टेव्ह अशा साध्या यंत्रावरही चालते. फादरांच्या परवानगीने ते त्यावर बसवावे, आणि रविवारच्या मिस्सेनंतर एक तास, वरच्या वर्गातील मुलामुलींनी खालच्यांना शिकवावे. एकदा उतरवून घेतले की त्याला इंटरनेट लागत नाही, आणि त्याच्या प्रती कितीही वाटल्या तरी ते संपत नाही. परमेश्वराने दिलेले बुद्धीचे धन जमिनीत पुरून न ठेवता वाढवावे, अशी आपली शिकवण आहे. ती आचरणात आणण्यास येत्या रविवारपासूनच आरंभ करावा.