तेल, कॉर्नफ्लोअर आणि फुगा

स्वयंपाकघरातील तेलात कॉर्नफ्लोअर कालवून त्याची पातळ धार चमच्यातून सोडावी आणि केसांवर घासलेला फुगा जवळ न्यावा. धार फुग्याकडे वळते, घट्ट होते. फुगा दूर नेताच पुन्हा वाहते. विद्युतभारामुळे कण साखळीसारखे जोडले जातात. या गुणधर्मावर विलिस विन्स्लो यांनी १९४७ साली अमेरिकेत पेटंट मिळविले. पाण्यात कालवलेले कॉर्नफ्लोअर मात्र विजेवाचून, नुसत्या जोराच्या दाबानेच घट्ट होते.

नवी मुंबईच्या शाळांनी फुग्याचा प्रयोग जुलैत दाखवू नये. खाडीकाठच्या दमट हवेत भार टिकत नाही आणि पुस्तकच खोटे, अशी मुलांची समजूत होते. जानेवारीतील कोरडी दुपार निवडावी. फुगा घासण्यास तेल न लावलेल्या केसांचा विद्यार्थी बोलवावा.