गाडी कोणती, साल कोणते?

जुनी मोटार बाळगणे हा पैसेवाल्यांचा छंद आहे. जुनी मोटार ओळखणे हा मात्र कोणाचाही असू शकतो. पहिल्या छंदाला गॅरेज लागते, मिस्त्री लागतो आणि परदेशातून सुटे भाग मागविण्याची ऐपत लागते. दुसऱ्याला एक भिंग आणि भरपूर चिकाटी एवढेच भांडवल पुरते. पहिल्या छंदाचे कौतुक आपल्याकडे वर्षातून एकदोनदा होते. संस्थानिकांच्या लांबलचक गाड्या रविवारी सकाळी मिरवत निघतात, पितळ चकाकते, दुसऱ्या दिवशी वृत्तपत्रांत छायाचित्रे झळकतात. दुसऱ्या छंदाची मात्र आपल्याकडे कोणी दखल घेत नाही. कोणाच्या तरी ट्रंकेत सापडलेले पिवळट छायाचित्र समोर ठेवायचे, त्यात माणसांच्या आड अर्धवट दिसणारी मोटार न्याहाळायची आणि ती कोणत्या कंपनीची, कोणत्या सालची, हे पुराव्यानिशी ठरवायचे, असा हा उद्योग. प्रस्तुत लेखकाच्या मते यांपैकी दुसरा छंद अधिक मोलाचा आहे आणि शिक्षक, कारकून, विद्यार्थी यांनी तो उचलावा, इतका तो आपल्या उपयोगाचाही आहे.

इंग्लंडमध्ये या विषयाचा अभ्यास फार गंभीरपणे होतो. 'व्हेटरन कार क्लब' ही संस्था तेथे १९३० साली निघाली आणि 'व्हिंटेज स्पोर्ट्‌स-कार क्लब' १९३४ साली. कोणती गाडी कोणत्या वर्षीची हे ठरविणे हे यांतील पहिल्या संस्थेचे एक मुख्य कामच होऊन बसले. लंडन ते ब्रायटन या प्रसिद्ध धावेत १९०४ अखेरपर्यंत बनलेल्या गाड्यांनाच प्रवेश असल्यामुळे गाडी १९०४ ची की १९०५ ची, या वादात प्रतिष्ठाही गुंतते आणि पैसाही. 'मोटर स्पोर्ट' या मासिकाचे बिल बॉडी हे १९३६ पासून १९९१ पर्यंत संपादक होते आणि जुन्या गाड्यांच्या इतिहासाला त्यांनी जी जागा दिली तीमुळे वाचकांच्या दोनतीन पिढ्या घडल्या. 'व्हिंटेज' हा शब्द मुळात द्राक्षांच्या हंगामाचा, मद्याच्या सालाचा. ब्रिटिश रसिकांनी तो १९३० अखेरपर्यंतच्या गाड्यांपुरता राखून ठेवला. आपल्या केंद्र सरकारने जुलै २०२१ मध्ये नियम केला, त्यात पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षांहून जुनी आणि मूळ स्वरूपात राखलेली गाडी व्हिंटेज ठरते. म्हणजे सत्तरीच्या आरंभी ज्या अँबॅसडरमधून साहेब कचेरीत येत, ती कोणी जपून ठेवली असेल तर आज कायद्याने व्हिंटेज म्हणवून घेऊ शकते. काळ सरकतो तो असा.

'एवढ्या क्षुल्लक गोष्टीत एवढी बुद्धी कशाला खर्चायची?' हा प्रश्न कोणीही विचारील. त्याला उत्तर देण्यापूर्वी या मंडळींची रीत पाहिली पाहिजे. ती पाहिली की हा प्रश्न निम्मा आपोआप सुटतो.

सामान्य माणूस गाडीचा एकंदर आकार पाहतो आणि तेथेच फसतो. त्या काळी महाग गाड्यांचा नुसता सांगाडा आणि इंजिन कंपनीकडून मिळे. वरची बैठक, दारे, टप हे सारे गिऱ्हाइकाच्या मर्जीप्रमाणे निराळे कारागीर बांधून देत. त्यामुळे एकाच कंपनीच्या दोन गाड्या परस्परांशी अजिबात न जुळणाऱ्या, तर दोन कंपन्यांच्या गाड्या जुळ्या बहिणींसारख्या दिसू शकतात. म्हणून जाणकाराची नजर प्रथम रेडिएटरवर जाते. रोल्स-रॉईसचा रेडिएटर ग्रीक देवळाच्या दर्शनी भागासारखा, बुगाट्टीचा घोड्याच्या नालासारखा. रेनॉ कंपनी कित्येक वर्षे रेडिएटर इंजिनाच्या मागे बसवी, त्यामुळे तिच्या गाडीचे तोंड पुढे उतरत गेलेले, कोळशाच्या घमेल्यासारखे दिसते. अमेरिकेतील पीअर्स-ॲरो गाडीचे दिवे १९१४ पासून थेट मडगार्डांत बसविलेले असत. तेवढी एक खूण दिसली की काम भागते. मग चाकांचे आरे लाकडी की तारांचे, दिवे कार्बाइडचे की विजेचे, पुढच्या चाकांना ब्रेक आहेत की नाहीत, बॉनेटच्या बाजूला हवेसाठी पाडलेल्या चिरा किती, अशी एकेक गोष्ट तपासायची. फोर्डची 'मॉडेल टी' १९०८ पासून १९२७ पर्यंत निघाली आणि तिची संख्या दीड कोटीच्या वर गेली. सगळ्या सारख्याच दिसतात असे वाटते. पण रेडिएटर पितळी असेल तर गाडी साधारण १९१६ पर्यंतची, काळ्या कवचाचा असेल तर त्यानंतरची, हे एका दृष्टिक्षेपात सांगता येते.

फसवणुकीच्या जागाही माहीत असाव्या लागतात. छायाचित्र उलट्या बाजूने छापले गेले असेल तर उजवीकडचे सुकाणू डावीकडे दिसते आणि आपल्या देशातील गाडी परदेशातील वाटते. अशा वेळी कोटाची बटणे आणि पाटीवरील अक्षरे पाहावीत. रंगाबद्दल तर बोलूच नये. जुन्या काचेच्या पट्ट्यांवरील रसायनाला लाल रंग दिसतच नसे, त्यामुळे लालभडक गाडी छायाचित्रात काळी उमटे आणि निळी फिकट. रोल्स-रॉईसच्या बिल्ल्यावरील लाल अक्षरे १९३३ साली हेन्री रॉईस वारले म्हणून काळी केली गेली, अशी एक हळवी कथा सर्वत्र सांगितली जाते. तो निर्णय त्यांच्या मृत्यूपूर्वीच झाला होता, असे अभ्यासक सांगतात. कथा खरी असती तरी जुन्या छायाचित्रात तिचा उपयोग काय? लाल आणि काळे तेथे एकच.

या चिकित्सेतून कधी कधी मोठ्यामोठ्यांच्या चुका बाहेर पडतात. जाक-आंरी लार्तिग या फ्रेंच छायाचित्रकाराचे शर्यतीच्या मोटारीचे एक छायाचित्र जगप्रसिद्ध आहे. गाडीचे चाक लंबगोल होऊन पुढे कलले आहे, मागे उभे असलेले प्रेक्षक उलट दिशेला झुकले आहेत आणि वेग म्हणजे काय हे पाहणाऱ्याला अंगावर जाणवते. कॅमेऱ्यातील पडद्याची फट काचेवरून सरकत असताना लार्तिगने कॅमेरा गाडीबरोबर फिरविला, त्याचा हा परिणाम. न्यूयॉर्कच्या आधुनिक कलासंग्रहालयाने १९६३ साली लार्तिगचे प्रदर्शन भरविल्यावर हे चित्र सर्वत्र पोहोचले. त्याखाली दीर्घकाळ लिहिले जाई ते 'दलाज गाडी, १९१२'. चित्राच्या सौंदर्यावर पानेच्या पाने लिहिणाऱ्या कलासमीक्षकांपैकी कोणालाही गाडी पाहावीशी वाटली नाही. ती पाहिली मोटारवेड्यांनी. गाडीवरचा सहा हा आकडा, गाडीची ठेवण आणि शर्यतीच्या नोंदी ताडून त्यांनी दाखविले की ही दलाज नव्हे. ही तेओदोर श्नायडर कंपनीची गाडी, चालक क्रोके, आणि शर्यत आमियाँ येथील, जुलै १९१३ मधली. छायाचित्र घेणाऱ्याच्या स्वतःच्या समजुतीपेक्षा गाडीची साक्ष भरवशाची ठरली! चित्राची थोरवी याने तसूभरही कमी झाली नाही. पण कलेचा इतिहास लिहिणाऱ्यांनी थोडे ओशाळायला हरकत नव्हती.

हीच रीत आपल्या मुंबईला लावून पाहावी. रस्त्याचे एक जुने छायाचित्र आहे. त्यात विजेची ट्राम आहे आणि तिच्यामागे अँबॅसडर. विजेची ट्राम मुंबईत १९०७ साली आली आणि ३१ मार्च १९६४ रोजी बंद झाली. अँबॅसडर निघू लागली ती १९५७-५८ च्या सुमारास. म्हणजे कोणाही म्हाताऱ्याला न विचारता छायाचित्र सहासात वर्षांच्या चिमटीत सापडले. गाडीची पाटी वाचता आली तर आणखी माहिती मिळते. 'एमएच' ही अक्षरे दिसली तर छायाचित्र १९८९ च्या आधीचे असणे शक्य नाही. येथे एक पथ्य मात्र कटाक्षाने पाळावे लागते. गाडी ही फक्त अलीकडची हद्द दाखवते, पलीकडची नाही. १९२९ ची शेवरोले १९२८ च्या छायाचित्रात येणार नाही. पण आपल्याकडे ती १९४८ पर्यंत खेड्यापाड्यांतून सर्व्हिस मोटार म्हणून धूळ उडवीत असू शकते. 'याच्या आधीचे नाही' आणि 'याच सालचे' या दोन विधानांतील फरक ज्याला कळला, त्याला इतिहासाच्या शिस्तीचा पहिला धडा मिळाला असे समजावे. आमच्या शाळांतून सनावळ्या पाठ करून घेतात. सन ठरतो कसा हे कोणी शिकवीत नाही.

आता एक घरचे उदाहरण. आमच्या घरी आजीच्या लग्नाचे एक छायाचित्र आहे. मुंडावळ्या बांधलेली नवरानवरी मोटारीत बसली आहेत, भोवती पागोटी आणि टोप्या, पुढे बॉनेटपाशी हात टेकून एक मनुष्य उभा. मागे शाईने लिहिले आहे, वैशाख शके १८४८, म्हणजे इसवी सन १९२६. आजीचा जन्म १९१७ चा. नवव्या वर्षी लग्न झाले असे आम्ही लहानपणापासून ऐकत आलो आणि 'त्या काळी तसेच होते' म्हणून सोडूनही देत आलो. काही वर्षांपूर्वी या छंदातील एका परिचिताला ते छायाचित्र दाखविले. त्याने नवरानवरीकडे ढुंकूनही पाहिले नाही. गाडी फोर्डची 'मॉडेल ए' आहे, असे त्याने प्रथम सांगितले. ती १९२७ च्या डिसेंबरात बाहेर पडली, तेव्हा १९२६ चा प्रश्नच मिटला. मग तो चाकांकडे वळला. १९२९ पर्यंत या गाडीची चाके एकवीस इंची असत. १९३० च्या नमुन्यात ती एकोणीस इंची झाली आणि रेडिएटर उंच झाला. आमच्या छायाचित्रातील चाके लहान आहेत, रेडिएटर उंच आहे. तो नमुना अमेरिकेत १९३० च्या आरंभी विक्रीला आला. तो बोटीने हिंदुस्थानात पोहोचून आमच्या तालुक्याच्या गावी लग्नात उभा राहायला काही महिने तरी लागले असणार.

शारदा कायदा अंमलात आला तो १ एप्रिल १९३० रोजी. चौदा वर्षांखालील मुलीचे लग्न त्या दिवसापासून गुन्हा ठरले. तो लागू होण्यापूर्वी लग्ने उरकून घेण्याची देशभर घाई उडाली होती, हे सर्वश्रुत आहे. १९३० च्या वैशाखात आजी तेरा वर्षांची होती. घाईत उरकलेल्या लग्नांच्या यादीत आमचे लग्न बसत नाही. ते कायदा आल्यानंतरचे आहे. मागची तारीख कोणी लिहिली आणि कशासाठी चार वर्षे मागे नेली, हे विचारण्यास आज कोणी हयात नाही. नऊ वर्षांची नवरी तेरा वर्षांची झाली याचे समाधान मानावे, की घरातील प्रतिष्ठित मंडळींनी कायदा मोडून वर खोटी तारीख घातली असावी याची खंत करावी, याचा निर्णय मला अद्याप करता आलेला नाही. हे सारे निघाले ते दोन इंचांच्या फरकातून.

या छंदाचे समर्थन करताना त्याचे दोष झाकण्याचे कारण नाही. त्यात पंडिती अहंकार भरपूर आहे. एका चिरेवरून मैत्री तुटल्याचे मी पाहिले आहे. आणि गाडीवर खिळलेली नजर गाडीपलीकडे सहसा जात नाही. दुष्काळी कामाच्या पाहणीचे छायाचित्र असले तरी चर्चा व्हायची ती साहेबाच्या गाडीच्या दिव्यांची. मागे खडी फोडणाऱ्या बाया कोणाच्याच हिशेबात नसतात. तरीही मी या मंडळींच्या बाजूचा आहे, कारण प्रसंग तसा आला आहे. 'जुनी मुंबई', 'जुने पुणे' म्हणून आज हातोहाती फिरणाऱ्या चित्रांत यंत्राने कल्पनेने रचलेली चित्रे मिसळू लागली आहेत. पगडी ठीक असते, वाडा ठीक असतो, सारे धूसर आणि हवेहवेसे असते. पण मोटारीचा रेडिएटर जगातील कोणत्याच कंपनीचा नसतो आणि मडगार्ड एका दशकाचे तर दिवे दुसऱ्या दशकाचे असतात. हे ओळखणारा डोळा पुस्तके वाचून मिळत नाही. शेकडो खरी छायाचित्रे पाहून तो तयार होतो.

आणि खरी छायाचित्रे तर आपण रोज गमावीत आहोत. वाडा पाडून इमारत उभी करताना तांब्याची भांडी वाटून घेतली जातात, आल्बम रद्दीत जातात. जिल्ह्याजिल्ह्यांतील ग्रंथालयांनी आणि महाविद्यालयांनी हे आल्बम उसने मागून त्यांच्या नकला ठेवाव्यात, चित्रातील माणसे, गाव, साल हे सांगणाऱ्या वृद्धांना गाठून नोंदी कराव्यात, याला फार खर्च येत नाही. मुंबईत शिवडीला जनरल मोटर्सचा मोटार जुळणीचा कारखाना १९२८ साली सुरू झाला. तेथून निघालेल्या गाड्या कोकणात, देशावर, खानदेशात कोणाकोणाच्या दारात गेल्या, याचा इतिहास कागदपत्रांपेक्षा या आल्बमांतच अधिक सापडेल. मुंबईची पद्मिनी टॅक्सी २०२३ च्या ऑक्टोबरात रस्त्यावरून उठली तेव्हा शहराने हळहळ व्यक्त केली. पण त्या टॅक्सीपुढे उभे राहून काढलेल्या स्वतःच्या छायाचित्रामागे किती जणांनी साल लिहिले असेल?

आमच्या छायाचित्रात बॉनेटवर हात टेकून उभा असलेला मनुष्य बहुधा ड्रायव्हर असावा. गाडी त्याची नाही हे त्याच्या कपड्यांवरून कळते, आणि ती तोच चालवतो हे त्याच्या उभे राहण्यावरून. गाडीचे साल, चाकांचा व्यास, रेडिएटरची उंची, सारे आता आमच्या वहीत नोंदले आहे. त्याचे नाव तेवढे आमच्या घरात कोणाला सांगता आलेले नाही.