अर्धे घर घेण्याआधी विचारा: काम का थांबले?

मालेगाव, भिवंडी, इचलकरंजी यांसारख्या यंत्रमागाच्या गावांत अर्धी बांधलेली घरे जागोजागी दिसतात. खालच्या दोन खोल्यांवर छत पडलेले असते, भिंतींना गिलावा नसतो, खिडक्यांच्या जागी पोती टांगलेली असतात आणि वर गंजलेल्या सळया उघड्या पडलेल्या असतात. अशी घरे विक्रीला निघाली की गिऱ्हाईक बहुधा आपल्याच व्यापारी व कारागीर बांधवांतून मिळते. कारण उघड आहे. तयार घराची किंमत झेपत नाही, व्याजाचे कर्ज घ्यायचे नाही आणि भाड्याच्या खोलीत अर्धी उमर गेलेली असते. अर्धे घर घ्यावे, आत राहायला जावे आणि हाती पैसा येईल तसे पुरे करावे, हा विचार चुकीचा नाही. व्याजापासून दूर राहू इच्छिणाऱ्या माणसासाठी हाच सर्वांत सरळ मार्ग आहे, असे आमचे मत आहे.

परंतु एक गोष्ट आम्हाला खटकते. आपला बांधव कापडाच्या एका ताक्यासाठी जेवढी चौकशी करतो, तेवढी घरासाठी करीत नाही. ग्रे कापड घेताना तो पन्हा मोजतो, वजन पाहतो, ताका उलगडून उजेडात धरतो. बाजारभावापेक्षा माल स्वस्त मिळत असेल तर आधी विचारतो, "स्वस्त का?" घराच्या बाबतीत मात्र भाव ऐकला की लगेच बयाणा देऊन मोकळा होतो.

अर्धे घर तीन कारणांनी थांबते. पहिले, मालकाजवळचा पैसा संपला. दुसरे, जमिनीच्या किंवा परवानगीच्या कागदात खोट निघाली. तिसरे, मालकाचे निधन झाले आणि वारसांचे एकमेकांशी जुळेना. पहिले कारण असेल तर घेणाऱ्याला फारशी भीती नाही. दुसरे आणि तिसरे कारण मात्र खरेदीखताबरोबर घेणाऱ्याच्या घरी येऊन बसते. हे आम्ही ऐकीव सांगत नाही, पैसे मोजून शिकलो आहोत.

बहिणीची सही

२००९ साली आम्ही असे एक घर घेतले. बापाने बांधायला काढले, छत पडले आणि बाप अल्लाहला प्यारा झाला. मागे पत्नी, दोन मुलगे आणि लग्न होऊन धुळ्याला गेलेली एक मुलगी. सौदा ८ लाखांना ठरला. खरेदीखतावर आईने आणि दोन्ही भावांनी सह्या केल्या. बहीण आहे हे आम्हाला ठाऊक होते. आम्ही विचारलेही. भाऊ म्हणाले, "तिने आपला हिस्सा माफ केला आहे." आम्ही ते मानले, कारण मानणे आमच्या सोयीचे होते. तिला जाऊन विचारण्यासाठी धुळ्याची बस फार लांबची नव्हती.

दोन वर्षांनी ती बाई आपल्या मुलाला घेऊन आमच्या दारात उभी राहिली. तिने आवाज चढवला नाही. एवढेच म्हणाली, "भाईजान, मी काही माफ केलेले नाही. मला कोणी विचारलेच नाही."

त्या रात्री आम्ही हिशोब मांडला. शरीअतचे हिस्से सूरह निसामध्ये ठरवून दिलेले आहेत, त्यात आपल्या मर्जीला जागा नाही. मुले असताना पत्नीला आठवा हिस्सा आणि उरलेल्यात मुलाला दोन भाग तर मुलीला एक. या कुटुंबात मिळकतीचे ४० भाग केले, तर आईचे ५, प्रत्येक मुलाचे १४ आणि मुलीचे ७ होतात. ८ लाखांत आईचा १ लाख, प्रत्येक भावाचे २ लाख ८० हजार आणि बहिणीचे १ लाख ४० हजार. हे १ लाख ४० हजार भावांनी आपसात वाटून घेतले होते. आम्ही ज्या खोलीत नमाज पढत होतो, त्या खोलीच्या ४० भागांपैकी ७ भाग दुसऱ्याचे होते.

वकिलांनी सल्ला दिला, "तिला दावा लावू द्या. वर्षे जातील, ती थकेल." कायद्याच्या दृष्टीनेही बाजू तिचीच होती. वारस फक्त आपला हिस्सा विकू शकतो, दुसऱ्याचा नाही. ती थकेल म्हणून आपण जिंकू, ही कमाई आम्हाला नको होती. आम्ही भावांकडे गेलो. एकाने "पुढच्या हंगामात पाहू" म्हटले, दुसऱ्याने दारच उघडले नाही. शेवटी दोन वर्षांत वाढलेला भाव धरून १ लाख ७५ हजार रुपये आम्ही स्वतः दिले आणि तिच्या हिश्शाचे खरेदीखत नोंदवून घेतले. एकाच हिश्शाची किंमत दोनदा मोजली. भावांकडून आजवर काही परत आलेले नाही.

पैसे गेल्याचे दुःख आम्ही विसरलो. विसरत नाही ते हे, की ती आली नसती तर आम्ही आजही तेथे समाधानाने राहत असतो. आपल्या समाजात बहिणीच्या हिश्श्याची "माफी" कशी होते, हे सर्वांना माहीत आहे. माहेर तुटू नये म्हणून ती गप्प बसते आणि त्या गप्प बसण्याला आपण माफी म्हणतो. भाऊ तर दोषी आहेतच. पण घेणारा "बहिणीची सही आणा, नाही तर सौदा नाही" असे ठामपणे म्हणेल, तर भावांना बहिणीकडे जावेच लागेल. घेणाऱ्याच्या हातात एवढी ताकद आहे आणि आपण ती वापरत नाही, ही आमची तक्रार आहे.

कागद वाचून घ्या

वारसांत अज्ञान मुले असतील तर अधिक सावध राहावे. बापाने मृत्युपत्राने तशी नेमणूक केली नसेल, तर आई ही मुस्लिम कायद्याप्रमाणे अज्ञान मुलांच्या स्थावर मिळकतीची पालक ठरत नाही. काका किंवा मोठा भाऊही ठरत नाही. न्यायालयाच्या परवानगीवाचून त्यांनी केलेली विक्री मुलांना बांधत नाही. प्रिव्ही कौन्सिलने १९१८ साली इमामबांदी खटल्यात हे सांगितले आहे. यतीमाचा माल म्हणजे काय, हे आपल्याला कोणी शिकवायला नको.

दुसरी गोष्ट दस्ताची. शंभर रुपये किंवा त्याहून अधिक किमतीची स्थावर मिळकत नोंदणीकृत खरेदीखतानेच जाते, हा कायदा १८८२ पासूनचा आहे. तरीही आपल्याकडे नोटरीच्या कागदावर आणि मुखत्यारपत्रावर घरे फिरतात. साठेखत आणि मुखत्यारपत्र यांनी मालकी जात नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली पुन्हा स्पष्ट केले आहे. मुद्रांक शुल्क वाचवायला जाऊन घर गमावू नका.

बयाणा देण्यापूर्वी सातबारा किंवा सिटी सर्व्हेचा उतारा, वकिलामार्फत ३० वर्षांचा शोध, घरपट्टी आणि बांधकाम परवाना पाहावा. परवान्याची मुदत कायमची नसते. बरीच वर्षे थांबलेले काम पुढे न्यायचे तर परवाना जिवंत आहे की नव्याने घ्यावा लागेल, हे पालिकेत विचारावे. गुंठेवारीचा तुकडा असेल तर २००१ च्या गुंठेवारी कायद्याखाली तो नियमित झाला आहे का, हे पाहावे. जमीन वक्फची असेल तर तेथूनच परत फिरावे, मुतवल्लीला ती विकता येत नाही.

आमचे शिक्षण उर्दू शाळेत झाले. मराठी आम्ही बोललो, व्यवहारात वापरली, पण दस्ताची मराठी वेगळीच असते. आम्ही खरेदीखत न समजता सही केली आणि लिहिणाऱ्यावर भरवसा ठेवला. आपल्यापैकी अनेकांची हीच गत आहे. म्हणून दस्त घरी आणावा, शिकलेल्या मुलामुलींकडून ओळीन् ओळ वाचून अर्थ समजून घ्यावा. जाहीर नोटीस मराठी दैनिकाबरोबर उर्दू दैनिकातही द्यावी. आमची नोटीस मराठीत छापून आली होती आणि बहिणीच्या सासरी उर्दू पेपर येत होता.

सळया पाहून मजला चढवू नका

वर निघालेल्या सळया पाहून घेणारा खूश होतो. त्याला वाटते, वरच्या मजल्याची सोय झालेली आहे. सळया कोणीही सोडतो, पाया किती मजल्यांचा आहे ते महत्त्वाचे. आमच्या मिस्त्रीने लगेच वर दोन खोल्या सुचवल्या होत्या. आम्ही इंजिनियरला बोलावले. त्याने एका खांबाशेजारी खड्डा खणायला लावला आणि पाया पाहून सांगितले, हे एकाच मजल्याचे आहे. तपासणीचे पैसे तेव्हा जड वाटले, आज वाटत नाहीत. अनेक पावसाळे उघड्यावर राहिलेली सळई गंजते, फुगते आणि काँक्रीट फोडते. तारेच्या ब्रशने घासून तिची जाडी किती उरली हे मोजूनच पुढचे काम करावे. ज्यांच्या घरात खाली माग आणि वर संसार आहे, त्यांनी मागाचे वजन व हादरे इंजिनियरला आधी सांगावेत.

४ एप्रिल २०१३ रोजी मुंब्र्याजवळ शिळफाट्याला एक बेकायदा इमारत कोसळून ७४ जीव गेले. वर काम चालू होते आणि खाली माणसे राहायला आलेली होती. स्वस्त जागेच्या गरजेनेच माणसे तेथे गेली असतील. त्यांना आम्ही दोष देत नाही. पण गरज कितीही मोठी असली तरी खांब तपासायचा राहू नये.

भांडवल भिंतीत गाडू नका

आता पैशाचे. बहिणीला दिलेले १ लाख ७५ हजार आम्ही सुताच्या खात्यातून काढले. त्या वर्षी रमजानच्या हंगामाला माल भरायला हात रिकामे होते. जुने गिऱ्हाईक शेजारच्या पेढीवर गेले, ते परत आणायला दोन वर्षे लागली. त्यावरून आम्ही एक नियम केला आहे. धंद्यात फिरणारा पैसा घराला लावायचा नाही, धंद्यातून निघालेला नफा लावायचा.

घराची किंमत म्हणजे विकणाऱ्याला दिलेली रक्कम नव्हे. त्यात मुद्रांक व नोंदणी, वकील, इंजिनियर, पुरे करण्याचा खर्च आणि काम संपेपर्यंतचे भाडे मिळवावे. वर चौथा हिस्सा अनपेक्षित खर्चासाठी धरावा. एवढे करूनही तयार घरापेक्षा स्वस्त पडत असेल, तरच ते स्वस्त.

कामाचा क्रमही ठरवावा. आधी छताची गळती, मग संडास व सांडपाणी, पाणी, वीज, दारे-खिडक्या आणि बाहेरचा गिलावा. एवढे झाले की राहायला जावे, भाडे वाचते. फरशी, रंग आणि बैठकीच्या खोलीची सजावट पुढच्या ईदवर सोडावी. पाहुण्यांच्या नजरेसाठी बैठक आधी सजते आणि स्वयंपाकघरात पाणी गळत राहते, असे होऊ नये.

मिस्त्रीशी बोली कागदावर करावी. देण्याघेण्याचे लिहून ठेवण्याचा हुकूम सूरह बकरामध्ये आहे, तो फक्त सावकारीपुरता समजू नये. काम मोजून पैसे द्यावेत, उचल कामापेक्षा पुढे जाऊ देऊ नये. पण मोजलेल्या कामाची मजुरी त्याच दिवशी द्यावी. सिमेंटच्या गोणीवर तयार झाल्याचा आठवडा छापलेला असतो, तो पाहावा. तीन महिने पडलेले सिमेंट घेऊ नये. काँक्रीटला निदान सात दिवस, आणि राखमिश्रित सिमेंट असेल किंवा कडक ऊन असेल तर दहा दिवस पाणी मारावे. आमच्याकडे उन्हाळ्यात पाण्याचीच ओढ असते, तेव्हा काम पावसाळा संपल्यावर काढणे शहाणपणाचे.

आमचे ते घर आज पुरे झाले आहे. त्याला बारा वर्षे लागली आणि व्याजाचा एक पैसा त्यात नाही. ज्या बाईचा हिस्सा आम्ही न विचारता घेतला होता, ती आता मालेगावला आली की आमच्याकडे चहा घेऊन जाते. बांधवांनो, अर्धे घर अवश्य घ्या. पण बयाण्याचे पैसे खिशातून काढण्यापूर्वी विकणाऱ्याला दोन प्रश्न विचारा. काम का थांबले? आणि तुमच्या बहिणी कोठे राहतात?